शॅक रिटायर झाला, आता सर्वकालीन सेंटर्समध्ये त्याला कितवा नंबर द्यायचा?

उंच_सांगलीकर
२ जून २०११, रात्री १०:४०

काल रात्री एनबीए म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमधल्या शॅकिल ओनीलने रिटायरमेंट जाहीर केली. पत्रकार परिषद वगैरे काही नाही, थेट ट्विटरवर छोटासा व्हिडिओ, एकोणीस वर्षं झाली, तुमचे आभार, म्हणून पहिल्यांदा तुम्हालाच सांगतोय, बस एवढंच. तिकडे डॅलस-मायामी फायनल सुरू आहे पण माझं त्यात आज लक्षच नाही लागलं, दिवसभर ऑफिसमध्ये डोक्यात हेच.

माझ्यासाठी हा माणूस म्हणजे बास्केटबॉलच होता. २००० ची फायनल लागली तेव्हा मी तेरा वर्षांचा, शाळा अजून सुरू व्हायची होती, सकाळी साडेसहाला मॅच लागायची आणि घरचे सगळे झोपलेले असताना आवाज बारीक करून मी टीव्हीसमोर. वर्गात सगळ्यात उंच म्हणून सरांनी मला सेंटरला, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच माणसाच्या जागी, उभं केलेलं, त्यामुळे टीव्हीवर दुसरं कोणाला बघायचा प्रश्नच नव्हता. तेव्हा तो लेकर्सकडून, इंडियानाविरुद्ध पहिल्या मॅचला ४३ पॉइंट १९ रिबाउंड (शॉट चुकल्यावर पकडलेले बॉल), दुसऱ्याला ४० आणि २४. त्याच्यासमोर रिक स्मिट्स, सात फूट चार इंच, म्हणजे शॅकपेक्षाही तीन इंच उंच, आणि तरी तो तिथे उभा आहे की नाही असं वाटायचं. अख्ख्या सिरीजची सरासरी ३८ पॉइंट. तेव्हा मला वाटलं होतं की सेंटर म्हणजे असाच खेळतो, नंतर कळलं की असं कोणीच खेळत नाही.

तर प्रश्न सरळ आहे. मी माझी यादी केलीये, करीम अब्दुल-जब्बार, बिल रसेल, विल्ट चेंबरलेन, मग शॅक, मग हकीम ओलाजुवान. म्हणजे चौथा. एक मित्र म्हणतो चौथा हा अपमान आहे, २००० ते २००२ मधला शॅक कुठल्याही काळात कुठल्याही टीमला द्या, ती टीम चॅम्पियन, त्यामुळे पहिलाच. दुसरा म्हणतो हकीमच्या वर ठेवतोस कसा, १९९५ विसरलास का.

मला स्वतःला दोन गोष्टी टोचतात. एक म्हणजे फ्री थ्रो, फाउल झाल्यावर मिळणारे मोकळे शॉट, आख्ख्या करिअरमध्ये ५२.७ टक्के. दुसरी म्हणजे त्याने शरीराची काळजी घेतली असती तर अजून किती झालं असतं ही हळहळ. पण रँकिंग करताना ही हळहळ मोजायची का? जे केलं त्याचे मार्क द्यायचे की जे करता आलं असतं त्याचे कापायचे? इथे जुने लोक आहेत, रसेल-विल्टबद्दल वाचलेले आहेत, त्यांनी जरूर लिहा.

आकडेमोड
२ जून, रात्री ११:३०

भावा आधी फ्री थ्रोचं बघू कारण सगळे तिथेच अडकतात. शॅकने करिअरमध्ये ११,२५२ फ्री थ्रो घेतले, ५,९३५ घातले, म्हणजे ५,३१७ चुकले. आता समजा तो ७० टक्क्यांनी घालत असता, तर साधारण १,९४० पॉइंट जास्त झाले असते. आत्ता, म्हणजे २०११ ला, त्याचे २८,५९६ आहेत, पाचव्या नंबरवर, करीम, कार्ल मलोन, जॉर्डन, विल्ट आणि मग हा. ते १,९४० मिळवले तर साडेतीस हजार. म्हणजे तरी पाचवाच! विल्टचे ३१,४१९ आहेत. एवढा गाजवलेला दोष आणि यादीत जागा तीच राहते.

दुसरं जास्त महत्त्वाचं. ५२.७ टक्क्यांनी दोन फ्री थ्रो म्हणजे सरासरी १.०५ पॉइंट. लीगमधली एखादी नॉर्मल टीम एका पझेशनला (बॉल हातात आल्यावरच्या एका अटॅकला) साधारण तेवढेच काढते. म्हणजे त्याला धरून पाडलं, हॅक-अ-शॅक केलं, तरी त्याची टीम सरासरी अटॅकच्या आसपासच राहायची आणि समोरच्यांचे फाउल मात्र भरत जायचे. मॅचला नऊच्या वर फ्री थ्रो घ्यायचा हा माणूस, एकोणीस वर्षं! समोरच्या कोचने तिसऱ्या क्वार्टरला बेंचवरचा चौथा उंच खेळाडू आणला की समजायचं काय चाललंय. हे नुकसान स्कोअरशीटवर शॅकच्या नावाने येत नाही पण मॅच त्याच्यावर फिरायची. शेवटच्या दोन मिनिटांत मात्र त्रास व्हायचा हे मान्य, तेव्हा सरासरी बघत बसायला वेळ नसतो, एक चुकला की गेला. सिएटलविरुद्ध डिसेंबर २००० मध्ये ११ पैकी ० घातले होते, तो दिवस कुठलाही हिशोब करून चांगला दिसणार नाही.

आणि बाकीचं बघ ना. ५८.२ टक्के फील्ड गोल (फ्री थ्रो सोडून बाकीचे शॉट), दहा सीझन त्या बाबतीत लीगमध्ये पहिला. २००० चा एमव्हीपी म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, १२१ पैकी १२० पहिल्या पसंतीची मतं. सलग तीन फायनल एमव्हीपी, हे त्याच्याआधी फक्त जॉर्डनने केलंय, सेंटर एकही नाही. आणि २००१ ची फायनल लोक विसरतात. समोर डिकेंबे मुटोम्बो, त्याच वर्षीचा डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर, चौथ्यांदा मिळालेला, सात फूट दोन इंच, त्याच्यावर सरासरी ३३ पॉइंट आणि जवळपास १६ रिबाउंड. जगातला सगळ्यात चांगला बचाव करणारा सेंटर आणि त्याच्यावर ३३!

तर माझ्यासाठी तीन वर्षांचा शिखरकाळ मोजला तर शॅक पहिला. पूर्ण करिअर मोजलं तर करीमच्या जवळ कोणी जात नाही, ३८,३८७ पॉइंट, सहा एमव्हीपी, सहा टायटल, वीस सीझन. दोन्ही एकत्र करून मी शॅकला तिसरा देतो. विल्टला खाली घेतो. का ते लिहितो पण आता झोपतो, उद्या सकाळी मॅच आहे.

ह्यूस्टनकर
३ जून, पहाटे ४:१५

इकडे संध्याकाळ आहे म्हणून लगेच लिहितोय. मी १९९३ ला या गावात आलो आणि पुढची दोन वर्षं जे बघितलं ते विसरणं शक्य नाही, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते आधीच सांगून टाकतो.

१९९४ ला फिनिक्सविरुद्ध पहिल्या दोन मॅच घरी हरल्यावर इथल्या पेपरने चोक सिटी असं छापलं होतं, कच खाणारं शहर. ऑफिसात लोक खरंच मान खाली घालून बसायचे. तिथून इथल्या रॉकेट्सच्या हकीमने ती सिरीज काढली, मग युटा, मग फायनलला न्यूयॉर्क, पॅट्रिक युइंगसमोर सात मॅच. सहाव्या मॅचला शेवटच्या क्षणी जॉन स्टार्क्सचा थ्री पॉइंटर हकीमच्या बोटांना लागला नसता तर न्यूयॉर्क चॅम्पियन होतं. त्या एका सीझनमध्ये एमव्हीपी, डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर आणि फायनल एमव्हीपी, तिन्ही एकाच माणसाला. दुसऱ्या कोणाला जमलेलं नाही आजपर्यंत.

आणि मग १९९५. सहाव्या नंबरची टीम, घरच्या कोर्टचा फायदा कुठल्याच सिरीजला नाही. सेमीफायनलला डेव्हिड रॉबिन्सनला त्याच वर्षीचा एमव्हीपी दिला होता, त्याच्यावर हकीमने सरासरी ३५ च्या वर काढले. रॉबिन्सन काही लहानसहान खेळाडू नव्हता, पण हकीमचा तो ड्रीम शेक, म्हणजे अंग हलवून चकवायची त्याची खास चाल, आला की भल्याभल्या माणसाचे पाय एकीकडे आणि खांदे दुसरीकडे. फायनलला शॅक, तेव्हा ऑर्लँडोकडून. पहिल्या मॅचला ऑर्लँडो वीस पॉइंटनी पुढे होतं, मग निक अँडरसनचे सलग चार फ्री थ्रो चुकले, केनी स्मिथने थ्री घालून बरोबरी केली आणि ओव्हरटाइमला अगदी शेवटी हकीमने रिंगवरून बॉल टॅप केला, १२०-११८. नंतर ४-०.

आता खरं तेच लिहितो. शॅक त्या सिरीजला वाईट खेळला नाही. २८ पॉइंट, १२.५ रिबाउंड, सहाच्या वर असिस्ट (पॉइंट करून देणारे पास). वय तेवीस. हकीमचे ३२.८ आणि ११.५. त्यामुळे "हकीमने शॅकला संपवलं" असं जे लोक म्हणतात ते मी म्हणत नाही. पण शॅकला थांबवायला बाकीच्यांना दोन-दोन तीन-तीन माणसं लागायची आणि हकीम त्याच्यासमोर बराच वेळ एकटा उभा राहिला, आणि पलीकडे जाऊन त्याच्यावर जास्त पॉइंट काढले. मोजायचं ते हे.

बचाव हा अर्धा खेळ आहे की नाही? हकीमचे ३,८३० ब्लॉक (हवेत अडवलेले शॉट), आजही सर्वात जास्त, वर सेंटर असून दोन हजारांवर स्टील (हिसकावलेले बॉल). शॅक एकदाही डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर नाही, ऑल डिफेन्सिव्हच्या पहिल्या टीममध्ये एकदाही नाही. पिक अँड रोल, म्हणजे साथीदाराला आडवा उभा करून वाट काढायची चाल, आली की तो पेंट म्हणजे बास्केटखालची जागा सोडून बाहेर यायचा नाही, युटाने १९९८ ला त्याच्यावरच लेकर्सना ४-० ने काढलं. लागोसमध्ये हँडबॉल आणि फुटबॉलचा गोलकीपर म्हणून खेळलेला मुलगा, बास्केटबॉल हातात घेतला तेव्हा पंधराच्या पुढे गेलेला, आणि त्याने या खेळाचं सगळ्यात सुंदर पायकाम करून दाखवलं. रमजानचे रोजे धरून मॅच खेळायचा, दिवसभर पाण्याचा थेंब नाही. शॅक पाचवा, हकीम चौथा. एका जागेचंच अंतर आहे, पण आहे.

लेकर्सची_ताई
३ जून, सकाळी ९:०५

ह्यूस्टनकर, तुमचं प्रेम समजतं पण १९९९ पण लिहा ना मग! लेकर्सनी रॉकेट्सना पहिल्याच राउंडला ३-१ ने काढलं आणि शॅकने हकीमला अजिबात उभं राहू दिलं नाही. तुम्ही म्हणाल हकीम तेव्हा ३६ चा होता. बरोबर, मग १९९५ ला शॅक २३ चा होता हे पण धरा. आणि १९८८ ते १९९१ हकीम सलग चार वर्षं पहिल्या राउंडला बाहेर, १९९२ ला तर प्लेऑफ पण नाही. सोबत चांगली माणसं नव्हती हे खरंय पण मग शॅकच्या हरण्याला पण तेच कारण चालेल की.

मी २००० पासून लॉस एंजेलिसला आहे. तो पोर्टलंडविरुद्धचा सातवा सामना आम्ही चार मुलींनी एका खोलीत बघितला, चौथ्या क्वार्टरला १५ ने मागे, आणि मग शॅकचा साथीदार कोबे ब्रायंट याने बॉल वर टाकला आणि शॅकने एका हाताने आत घातला आणि तो तोंड उघडं ठेवून, दोन्ही हात वर करून आमच्याकडेच धावत येतोय असं वाटलं. आम्ही चौघी इतक्या ओरडलो की शेजारचे दार वाजवायला आले. मला तेव्हा मराठी बोलणारं कोणी आसपास नव्हतं, नवीन देश, नवीन नोकरी, आणि ती टीम म्हणजे माझी पहिली ओळख या शहराशी. म्हणून जे लिहिते ते जरा दुखूनच लिहिते.

एमव्हीपी फक्त एक. एक! एवढ्या ताकदीच्या माणसाला सहा मिळायला हव्या होत्या. २००५ ला स्टीव्ह नॅशने थोडक्यात नेला, ठीक, पण बाकीची वर्षं? २००२ ला तिसरं टायटल जिंकल्यावर पायाच्या अंगठ्याचं ऑपरेशन उन्हाळ्यात न करता सप्टेंबरपर्यंत लांबवलं, नवीन सीझनच्या पहिल्या बारा मॅच बाहेर, टीमची सुरुवातच बिघडली आणि सलग चौथं टायटल गेलं ते गेलंच. सॅन अँटोनिओ स्पर्सनी काढलं. वर्षभरात त्याचं आणि कोबेचं फाटलं, २००४ ला डेट्रॉइटकडून ४-१ आणि मग शॅक मायामीला. वीस-पंचविशीतला कोबे आणि तिशीतला शॅक अजून तीन वर्षं नीट एकत्र राहिले असते तर आज ही चर्चाच नसती. सांगलीकर म्हणतोय हळहळ मोजायची का, मी म्हणते मोजायची, कारण ती त्याच्या हातातली गोष्ट होती. माझ्याकडून चौथाच, आणि चौथा लिहिताना वाईट वाटतंय.

झोनवाला
३ जून, सकाळी ११:२०

एक छोटा मुद्दा. २००१-०२ पासून एनबीएने झोन डिफेन्सला, म्हणजे माणसाऐवजी जागा राखणाऱ्या बचावाला, परवानगी दिली. त्याआधी बॉल शॅककडे जायच्या आधीच त्याच्या पुढे एक आणि मागे एक असा माणूस उभा करता यायचा नाही. नियम बदलला आणि त्याच सीझनच्या फायनलला न्यू जर्सीवर त्याने ३६ ची सरासरी काढली, ४-०. नियम बदलूनही फरक पडला नाही असे खेळाडू किती?

जुना_पिव्होट
३ जून, दुपारी ४:५०

मुलांनो, आमच्या वेळी सेंटर हा शब्द कोणी वापरत नसे, पिव्होट म्हणायचे. मी एका बँकेच्या टीमकडून चौदा वर्षं पिव्होट खेळलो आणि आता संध्याकाळी नागपुरात पोरांना शिकवतो, त्यामुळे आकड्यांपेक्षा पोस्टमध्ये, म्हणजे बास्केटजवळच्या जागेत, काय होतं ते लिहितो.

पिव्होटचं निम्मं काम बॉल हातात यायच्या आधी होतं. पाठ लावून जागा धरायची. बॉल बास्केटपासून चार फुटांवर मिळाला तर तुम्ही राजे, नऊ फुटांवर मिळाला तर समोरचा राजा. सगळा मारामारीचा भाग या पाच फुटांचा. शॅकचं लोकांना वजनच दिसतं, सव्वातीनशे पाउंड, पण मी पोरांना त्याचे पाय बघायला सांगतो. बॉल येताना तो कुठला पाय आधी टेकवतो बघा. तो आधीच अर्धा वळलेला असतो, डिफेंडरच्या पायाबाहेर याचा पाय पडलेला असतो, आणि मग ड्रॉप स्टेप, म्हणजे पाय मागे टाकून बास्केटकडे वळणं, हे फक्त दार ढकलणं. एवढा जड माणूस इतक्या हलक्या पायांचा मी दुसरा पाहिला नाही. दोन माणसं आली की बाहेर पास पण वेळेवर द्यायचा. २००१ च्या फायनलच्या दुसऱ्या मॅचला २८ पॉइंट, २० रिबाउंड, ९ असिस्ट, ८ ब्लॉक होते, एक असिस्ट आणि दोन ब्लॉक कमी पडले नाहीतर चार खान्यांत दोन आकडी संख्या दिसली असती. नुसत्या धक्काबुक्कीने हे होत नाही.

आता यादी. माझा पहिला बिल रसेल आणि तो बदलणार नाही. तेरा सीझन, अकरा टायटल. उंची सहा फूट दहा, म्हणजे इथे ज्यांची नावं चाललीयेत त्यांच्यातला बहुतेक सगळ्यात बुटका. त्याचे ब्लॉक कोणी मोजलेच नाहीत कारण एनबीएने ब्लॉक मोजायला सुरुवात केली १९७३-७४ ला, तो रिटायर झाला १९६९ ला. पण मोजणीपेक्षा मोठी गोष्ट ही की तो बॉल प्रेक्षकांत मारायचा नाही, हळूच आपल्याच माणसाकडे ढकलायचा. प्रेक्षकांत गेला तर बॉल परत समोरच्यांचा, मग उपयोग काय? मी पोरांना रोज हेच सांगतो आणि रोज कोणीतरी भिंतीवर मारतोच. सातव्या मॅचला, म्हणजे हरलं की संपलं अशा मॅचला, १० पैकी १० जिंकला. शेवटची दोन टायटलं तर कोच पण स्वतःच आणि खेळाडू पण स्वतःच, आणि तेही अशा काळात की एखादा काळा माणूस अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये कोच होतो हेच लोकांना पचत नव्हतं.

आकडेमोड, तू विल्टला शॅकच्या खाली घेणार म्हणतोस. विचार कर. १९६१-६२ ला सीझनची सरासरी ५०.४, एका मॅचला १००, आणि त्याच्या आधीच्या सीझनला एका मॅचला ५५ रिबाउंड तेही रसेलसमोर. त्याच्यामुळे लीगने १९६४ ला बास्केटसमोरची लेन बारा फुटांची सोळा केली. खेळाचं मैदान बदलायला लावणारा माणूस आहे तो. हां, प्लेऑफमध्ये रसेलशी आठ वेळा गाठ पडली आणि सात वेळा हरला हे त्याच्या वाट्याला कायमचं आलंय. फ्री थ्रो म्हणशील तर विल्टचे ५१.१ टक्के, शॅकपेक्षाही कमी, मात्र त्या शंभर पॉइंटच्या रात्री ३२ पैकी २८ घातले!

माझी यादी रसेल, करीम, विल्ट, शॅक, हकीम. शॅक चौथा. त्याला शरीराबद्दल बोल लावणारे लावोत, मी स्वतः तेहतिसाव्या वर्षी गुडघ्यामुळे थांबलो, वजन ६८ किलो होतं माझं. दीडशे किलोच्या आसपासचं शरीर घेऊन १,२०७ मॅच, आणि प्रत्येक मॅचला दोन माणसं अंगावर लोंबकळतायत. आतल्या माणसाला किती मार बसतो ते बाहेरून कळत नाही.

अजून एक. जॉर्ज मायकन, पहिला मोठा पिव्होट, १९५० च्या आसपास त्याच्या टीमने पाच टायटल काढली. तो २००५ ला १ जूनला गेला तेव्हा अंत्यविधीचा खर्च शॅकने उचलला. शॅकने रिटायर व्हायची तारीख पण १ जून. योगायोग असेल, पण मला काल ते आठवलं आणि बरं वाटलं.

आकडेमोड
३ जून, रात्री ८:१०

काका, तुमच्यापुढे वाद घालायचं धाडस होत नाही पण घालतो. विल्टची ५०.४ सरासरी ज्या सीझनला आली तेव्हा तो मॅचला सरासरी ४८.५ मिनिटं खेळला, म्हणजे मॅचच ४८ मिनिटांची, ओव्हरटाइम धरून त्याहून जास्त! टीमा शॉट पण खूप मारायच्या, धावपळ जास्त, त्यामुळे रिबाउंड पण ढिगाने. आणि गंमत म्हणजे त्याची टीम चॅम्पियन कधी झाली तर १९६७ ला, जेव्हा त्याने स्वतःचे शॉट कमी करून पास वाढवले. आणि १९७२ ला, सलग ३३ मॅच जिंकणारी लेकर्स, तिथे तर तो बचाव आणि रिबाउंडवरच होता. मला वाटतं विल्टला कसं जिंकायचं ते उशिरा सापडलं. शॅकला २८ व्या वर्षी सापडलं आणि तीन वर्षं कोणी हात लावला नाही. लेन रुंद केल्याचा मुद्दा मात्र मान्य, त्याला उत्तर नाही माझ्याकडे.

ह्यूस्टनकर
३ जून, रात्री ८:४५

@लेकर्सची_ताई, १९९९ चं मान्य. पण अजून एक बघा, शॅकची टीम प्लेऑफमध्ये एकही मॅच न जिंकता बाहेर पडली असं किती वेळा झालं? १९९४ इंडियाना, १९९५ आम्ही, १९९६ शिकागो, १९९८ युटा, १९९९ सॅन अँटोनिओ, २००७ परत शिकागो. सहा वेळा. सगळ्यात जबरदस्त माणूस कोर्टवर असताना एक तरी मॅच चोरता यायला हवी. हे माझ्या डोक्यातून जात नाही.

लेकर्सची_ताई
३ जून, रात्री ९:३०

सहा वेळा हे मी कधी असं एकाखाली एक लिहून बघितलंच नव्हतं. दुखलं. पण त्याच १९९५ ला फायनलला यायच्या आधी त्यांनी जॉर्डनच्या शिकागोला ४-२ ने काढलं होतं हेही त्याच कागदावर लिहा.

उंच_सांगलीकर
३ जून, रात्री ११:१५

सगळ्यांचे मनापासून आभार, काल पोस्ट टाकली तेव्हा एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. काका तुमची पाय बघायची गोष्ट वाचून मी आत्ता २००० च्या फायनलच्या दुसऱ्या मॅचचे तुकडे परत लावले. खरंच, तो वळलेला असतो आधीच! अकरा वर्षं मी ते नुसती ताकद म्हणून बघत होतो. त्या मॅचला त्याने ३९ फ्री थ्रो घेतले होते, १८ घातले, इंडियाना मुद्दाम धरत होती, आणि तरी लेकर्स जिंकले. आकडेमोडचा १.०५ चा हिशोब तिथे डोळ्यांनी दिसतो.

माझा निर्णय, करीम एक, रसेल दोन, विल्ट तीन, शॅक चार, हकीम पाच. म्हणजे बदललं काहीच नाही पण आता मला कारणं माहिती आहेत. हळहळ मी मोजणार नाही असं ठरवलंय. ताई तुमचा राग बरोबर आहे, ते ऑपरेशन लांबवायला नको होतं, पण त्याची किंमत त्याने तिथल्या तिथे चुकवलेली आहे ना, चौथं टायटल गेलं, एमव्हीपी गेल्या, म्हणूनच तो करीमच्या खाली आहे. परत त्याच कारणाने हकीमच्याही खाली ढकलला तर एकाच चुकीचे दोनदा मार्क कापल्यासारखं होईल. आणि ह्यूस्टनकर, बचावात हकीम कितीतरी पुढे हे मान्य करूनच लिहितोय. पण समोरच्या टीमला शॅकसाठी जेवढं बदलावं लागलं, जादा उंच माणसं फक्त फाउल करायला ठेवायची, नियम बदलायचे, तो आला त्या पहिल्याच वर्षी त्याने दोनदा अख्खं बास्केट खाली आणलं म्हणून बोर्डाचे खांब मजबूत करावे लागले, तेवढं हकीमसाठी कोणाला करावं लागलं नाही.

नागपाड्याचा_गार्ड
४ जून, दुपारी १:००

उशिरा आलो पण सगळा धागा वाचून काढला, आणि एवढ्या सगळ्यात मोझेस मलोनचं नाव एकानेही घेतलं नाही? तीन एमव्हीपी आहेत त्याच्याकडे, शॅक आणि हकीम दोघांचे मिळून दोन. शाळेतून थेट प्रो झालेला, सहा वेळा रिबाउंडमध्ये लीगमध्ये पहिला, आणि शॅक एकदाही पहिला नाही हे कोणी लिहिलेलं नाही वर. १९८३ ला त्याने फिलाडेल्फियाला टायटल काढून दिलं ते फायनलला लेकर्सना ४-० ने हरवून, म्हणजे तुमच्या सगळ्यांच्या यादीत पहिला-दुसरा असलेल्या करीमसमोर. आमच्या कोर्टवर उंच मुलं कमी, पण ऑफेन्सिव्ह रिबाउंड काढायला सगळे मोझेसचंच उदाहरण देतात, शॉट सुटायच्या आधी बॉल कुठे पडणार तिकडे निघायचं, उंचीची वाट बघायची नाही. शॅक चौथा की पाचवा ते तुम्ही ठरवा, मोझेसला सहावा धरा आणि मग पुढे बोलू.

जुना_पिव्होट
४ जून, संध्याकाळी ७:३०

बरोबर पकडलंस. मोझेस राहिला, आणि मी स्वतः पिव्होट असून राहिला याचं वाईट वाटतंय. आज पोरांना कोर्टवर शॉट मारूच दिला नाही, एक तास फक्त रिबाउंड.